पांदणीवरची ई-माउंटन बाईक: पुढचा फोर्क कसा जुळवावा, कसा सांभाळावा

ई-माउंटन बाईक घेताना लोक मोटर विचारतात, बॅटरी विचारतात, एका चार्जमध्ये किती किलोमीटर जाते ते विचारतात. पुढच्या सस्पेन्शन फोर्कबद्दल, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के झेलणाऱ्या दोन नळ्यांबद्दल, क्वचितच कोणी विचारतं. आणि दोन महिन्यांनी तक्रार येते ती नेमकी तिथलीच: मनगटं भरून येतात, हँडल हातात उड्या मारतं, ब्रेक दाबला की गाडी पुढून खाली बसते. यातल्या बहुतेक तक्रारींमागे फोर्क खराब नसतो. तो तुमच्या वजनाला आणि तुमच्या रस्त्याला कधी जुळवलेलाच नसतो.

ई-बाईकवर ही जुळवणी साध्या सायकलीपेक्षा जास्त महत्त्वाची आहे, त्याला दोन कारणं आहेत. पहिलं वजन. सस्पेन्शनवाली ई-माउंटन बाईक सहज २२ ते २५ किलो भरते. मोटरची मदत २५ किलोमीटर वेगाच्या आसपास थांबते, पण चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे उतरताना वेग उतार देतो, आणि ते सगळं वजन प्रत्येक ब्रेकला पुढच्या फोर्कवर येतं. दुसरं कारण तासांचं. साध्या सायकलवर खडबडीत वाटेवर तास-दीड तासात पाय थकतात आणि आपण उतरतो. मोटर थकत नाही, त्यामुळे फोर्क किती तास राबला याचा अंदाज पायांवरून येत नाही. रोज तासभर वावरात जाणं-येणं असेल, तर दोन महिने व्हायच्या आत ५० तास भरतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे सगळी देखभाल त्याच्याभोवतीच आहे.

आधी आपला फोर्क ओळखा

फोर्कच्या डाव्या पायाच्या, म्हणजे चाकाच्या डाव्या बाजूच्या नळीच्या, वरच्या टोकाची टोपी काढून बघा. आत मोटारसायकलच्या ट्यूबला असतो तसला व्हॉल्व्ह दिसला, तर फोर्क हवेचा आहे. व्हॉल्व्ह नसेल आणि वर फिरवायची प्लॅस्टिकची गोल मूठ असेल, तर आत लोखंडी स्प्रिंग आहे. आपल्याकडे कमी किमतीच्या ई-बाईकवर बहुधा स्प्रिंगचाच फोर्क येतो.

स्प्रिंगच्या फोर्कवर तुमच्या हातात फार थोडं असतं. वरची मूठ फिरवून स्प्रिंग सुरुवातीलाच थोडी दाबून ठेवता येते, त्याला प्रीलोड म्हणतात. त्याने गाडीवर बसल्यावर फोर्क कमी खाली जातो, पण स्प्रिंग कडक होत नाही. मूठ पूर्ण आवळूनही फोर्क प्रत्येक खड्ड्यात शेवटपर्यंत आपटत असेल, तर वजनाला स्प्रिंग कमी पडते आहे. सनटूरसारख्या कंपन्यांच्या काही मॉडेलांना जास्त कडक स्प्रिंग वेगळी मिळते. ती बदलणं नवा फोर्क घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

हवेच्या फोर्कवर जवळजवळ सगळं जुळवता येतं. त्यासाठी शॉक पंप स्वतःचा घ्याच. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखाच असल्यामुळे पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची नळी तिथे बरोबर बसते, आणि धोका तिथेच आहे. फोर्कमधली हवेची जागा अगदी लहान असते. कॉम्प्रेसरच्या एका झटक्यात दाब मर्यादेपार जाऊ शकतो, सील फाटू शकतं. खालच्या पायावर कमाल दाबाचा स्टिकर असतो, तो एकदा वाचून ठेवा.

टायरपासून सुरुवात

फोर्कला हात लावण्याआधी टायरची हवा ठरवा. टायर दगडासारखा फुगवलेला असेल, तर त्याचा कडकपणा तुम्ही फोर्कच्या माथी माराल आणि उगाच फोर्कची हवा कमी करत बसाल. अडीच इंचाच्या आसपासच्या जाड टायरला बहुतेकांना २२ ते २८ पीएसआयच्या दरम्यान ठीक पडतं. गाडी जड, म्हणून अगदी कमी नको. गिट्टीवर रिम आपटते. बाभळीच्या काट्यांचा इलाका असेल तर ट्यूबलेस करून आत सीलंट घालावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सॅग: सगळ्यात महत्त्वाचं माप

तुम्ही नुसते गाडीवर उभे राहिलात तरी फोर्क थोडा खाली बसतो. त्याला सॅग म्हणतात. फोर्क जेवढा एकूण दबू शकतो त्याच्या २० टक्के सॅग ही चांगली सुरुवात आहे. १२० मिलिमीटरच्या फोर्कला २४ मिलिमीटर, १४० च्या फोर्कला २८. खडकाळ उतार जास्त असतील तर २५ टक्क्यांपर्यंत जाता येतं.

कंपनीच्या तक्त्यात स्वाराच्या वजनासमोर कमीत कमी आणि जास्तीत जास्त दाब दिलेला असतो. तिथून सुरुवात करा. तक्त्यात ई-बाईकसाठी वेगळा आकडा नसेल, तर दोन आकड्यांपैकी वरचा घ्या. मात्र शेवटचा शब्द सॅगचा. मोजताना नेहमीचा सगळा सरंजाम अंगावर हवा: हेल्मेट, बूट, पाठीवरची पिशवी, डबा. उन्हाळ्यात आपण तीन लिटर पाणी घेऊन निघतो, म्हणजे तीन किलो तिथेच वाढले.

दाब एकदम भरू नका. थोडी हवा, मग फोर्क हळूहळू दहा-पंधरा वेळा थोडासाच दाबायचा, पुन्हा हवा, पुन्हा दाबणं. आत हवेचे दोन कप्पे असतात, एक उचलून धरणारा आणि एक खाली ओढणारा. फोर्क दाबला की त्यांच्यातली हवा समान होते. ही पायरी गाळली तर गेज एक सांगतं आणि फोर्क वेगळंच वागतो. पंप काढताना जो फुस्स आवाज येतो तो पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो. पंप पुन्हा लावला की थोडी हवा त्या नळीत जाते आणि गेज कमी दाखवतं. हवा गेली असं समजून दर वेळी भरत राहिलात, तर आठवडाभरात फोर्क विनाकारण कडक होईल.

आता मोजमाप. लॉकआउट (फोर्क जाम करणारी कळ) आणि कॉम्प्रेशन (फोर्क किती सहज दबावा ते ठरवणारी मूठ) पूर्ण उघडं ठेवा. घरातल्या कोणाला तरी मागून गाडी धरायला सांगा. पेडल समांतर ठेवून उभे राहा, दोन-तीनदा फोर्क दाबा आणि चालवताना असता तसे स्थिर व्हा. धरणाऱ्याने चकचकीत नळीवरची रबरी रिंग हळूच खाली सरकवून सीलला, म्हणजे नळी खालच्या पायात शिरते तिथल्या रबरी कडीला, टेकवायची. रिंग नसेल तर रबर बँड सैलसर बांधला तरी चालतो. मग धक्का न देता उतरा आणि सीलपासून रिंगपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा. जास्त आलं तर पाचेक पीएसआय वाढवा, कमी आलं तर तेवढेच कमी करा, आणि पुन्हा मोजा. जमलेला आकडा हँडलजवळ आतल्या बाजूला चिकटपट्टीवर लिहून ठेवा.

आपला उन्हाळा आणि फोर्कमधली हवा

हा भाग इतर ठिकाणच्या लोकांना फारसा लागत नाही, विदर्भात आपल्याला लागतो. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांवर तुम्ही ८० पीएसआय भरलेत आणि तेवढीच हवा आत राहिली, तर मे महिन्यात ४४ अंशांना दाब ९१ च्या आसपास जातो. उलट, नवतप्यात भर दुपारी ८० भरून ठेवलेत तर थंडीच्या पहाटे तो ७० वर आलेला असतो. दहा पीएसआय म्हणजे मनगटांना सहज कळणारा फरक. शिवाय उष्णतेने आतलं तेल पातळ होतं, त्यामुळे फोर्क वर येतानाही जास्त जोरात उसळतो.

म्हणून दिवाळीनंतर एकदा, मार्चच्या शेवटी एकदा आणि पाऊस लागल्यावर एकदा सॅग नव्याने मोजावा. मोजायचा तो सावलीत, आणि ज्या वेळी तुम्ही सहसा गाडी काढता त्याच वेळी. टिनाच्या शेडमध्ये दुपारभर तापलेल्या गाडीवर केलेलं माप संध्याकाळी खरं राहत नाही. तशा शेडमध्ये गाडी ठेवूच नये. बॅटरीलाही ते मानवत नाही.

काही महागड्या फोर्कच्या खालच्या पायांमागे छोटं बटण किंवा स्क्रू असतो. खालच्या पायांत कोंडलेली हवा त्याने सोडता येते. उन्हाळ्यात दर आठवड्याला, गाडीवर कोणी बसलेलं नसताना, तो एकदा दाबून घ्यावा.

रिबाउंड

दबलेला फोर्क किती वेगाने वर यावा, हे रिबाउंड ठरवतं. बहुतेक फोर्कवर उजव्या पायाच्या तळाशी लाल मूठ असते. ती घड्याळाच्या काट्याच्या दिशेने पूर्ण बंद करा, मग उलट फिरवत एकूण क्लिक मोजा आणि मधोमध आणून ठेवा. सॅग ठरल्यावरच हे करायचं, कारण हवा वाढली की रिबाउंडही थोडं मंद करावं लागतं.

पहिली चाचणी अंगणात. हँडलवर भार देऊन फोर्क खोल दाबा आणि हात झटकन वर घ्या. चाक जमिनीवरून उसळलं तर रिबाउंड फार वेगवान आहे. फोर्क रेंगाळत वर आला तर फार मंद.

खरी परीक्षा मात्र पांदणीची. काळ्या मातीत पावसाळ्यात गुरांच्या खुरांचे ठसे उमटतात, बंडीच्या चाकोऱ्या पडतात, आणि दिवाळीनंतर ते सगळं वाळून टणक होतं. वीतभर-दीड वीत अंतरावर एकेक खळगा. २० किलोमीटर वेगाने त्यावरून गेलं की सेकंदाला पंधरा-वीस धक्के बसतात. रिबाउंड मंद असेल तर पहिल्या धक्क्यातून फोर्क वर यायच्या आत दुसरा बसतो, मग तिसरा. फोर्क दबत-दबत जातो, शेवटी दबायला जागाच उरत नाही आणि हँडल पहारीसारखं हातात हादरतं. लोक इथे फोर्क कडक आहे समजून हवा सोडतात, आणि तो आणखीच खाली बसतो. अशा वाटेवर हवा तीच ठेवून रिबाउंड एक-दोन क्लिक वेगवान करून बघा. एकाच पट्ट्यावरून, एकाच वेगाने, एका वेळी एकच क्लिक बदलत जा. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

चिखलदऱ्यासारखे उतार, किंवा मोठे दगड आणि रपट्यावरून उतरणं जास्त असेल, तर मधल्या ठिकाणापासून एखादा क्लिक मंदकडे ठेवणं बरं. धक्के मोठे आणि लांबलांब असतात, तिथे उसळी त्रास देते.

कॉम्प्रेशन, लॉकआउट आणि आतले ठोकळे

उजव्या पायाच्या वरच्या टोकाला निळी मूठ असेल तर ती कॉम्प्रेशनची. पूर्ण उघडी ठेवून सुरुवात करा. ब्रेक लावल्यावर गाडी पुढून फारच बसत असेल तर दोन-तीन क्लिक बंद करा. त्याहून जास्त लागत असेल तर आधी सॅग तपासा.

लॉकआउट ई-बाईकवर जवळपास बिनकामाचा आहे. साध्या सायकलवर चढताना फोर्क हलू नये म्हणून तो वापरतात. इथे चढ मोटर चढवते, आणि दगडगोट्यांच्या चढावर पुढचं चाक जमिनीला चिकटून राहणं जास्त मोलाचं. लॉक लावलेला विसरून उतारावर गेलात तर आतल्या डॅम्परला, म्हणजे तेलाने फोर्कची हालचाल मंद करणाऱ्या भागाला, मार बसतो.

सॅग बरोबर असूनही फोर्क वारंवार शेवटपर्यंत आपटत असेल, तर हवेच्या कप्प्यात प्लॅस्टिकचा एक ठोकळा वाढवायचा. त्याने सुरुवात मऊ राहते आणि शेवट कडक होतो. महिनाभर दणकून चालवूनही रिंग कधी शेवटाजवळ जात नसेल तर एक ठोकळा काढायचा. टोपी उघडण्याआधी हवा पूर्ण, म्हणजे पूर्ण, सोडलेली हवी. दाबाखाली टोपी उघडली तर ती उडून चेहऱ्याला लागू शकते.

धूळ आणि चिखल

गाडी घरी आली की स्वच्छ सुती फडक्याने दोन्ही चकचकीत नळ्या पुसा. फोर्क चार-पाच वेळा दाबा, सीलच्या काठाशी काळपट वळं येईल, ते पुसा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि फोर्कचं आयुष्य सगळ्यात जास्त यानेच वाढतं. ती धूळ सीलच्या ओठाखाली राहिली की पुढच्या फेरीला नळीवर घासत राहते. वणी आणि चंद्रपूरकडे कोळशाची भुकटी पण असते. तिकडच्या लोकांनी एकही दिवस चुकवू नये.

पावसाळ्यातली काळी माती ही निराळीच गोष्ट. ती टायरवर थरावर थर चढते आणि फोर्कच्या कमानीखाली गच्च बसते. साधी सायकल तिथेच अडते. ई-बाईक मात्र मागून ढकलतच राहते, आणि पुढचं चाक त्या मातीच्या गोळ्यासकट कमानीला आणि नळ्यांच्या सीलला घासत फिरतं. चाक जड झालं की थांबा, पऱ्हाटीच्या काडीने कमानीखालची माती काढा, मगच पुढे जा. खरं तर पाऊस होऊन गेल्यावर एक-दोन दिवस पांदण सोडून मुरमाच्या रस्त्याने गेलेलं उत्तम.

धुताना माती ओली असतानाच धुवा. वाळली की खरवडावी लागते. बादली, मग आणि मऊ ब्रश पुरेसा आहे. गाड्या धुण्याच्या सेंटरवरचा प्रेशरचा फवारा फोर्कच्या सीलवर, हेडसेटवर (हँडलखालच्या बेअरिंगवर) आणि मोटरवर मारू देऊ नका. पाणी सील ओलांडून आत जातं. डिझेल, रॉकेल, पेट्रोल लावून पुसणं आणि नळ्यांवर गंज सोडवायचा स्प्रे मारणं, दोन्ही बंद. सीलमागचं वंगण त्याने धुऊन जातं.

५० तासांची सर्व्हिस, घरच्या घरी

फोर्क बनवणाऱ्या रॉकशॉक्स आणि सनटूर दोघंही खालच्या पायांची सफाई ५० तासांनी करायला सांगतात. फॉक्सचा पूर्ण सर्व्हिसचा आकडा १२५ तास किंवा वर्ष, जे आधी येईल ते. आपल्याकडच्या धुळीत ५० ही कमाल मर्यादा समजावी, आणि भर पावसात चालवत असाल तर ३०-३५ तासांनाच उघडावं. डिस्प्लेवर तास दिसत नसतील तर साधारण ८०० किलोमीटर धरा.

सामान: ॲलन की, रबरी किंवा प्लॅस्टिकची हातोडी, टॉर्क रेंच, आयसोप्रोपिल अल्कोहोल, स्वच्छ फडकी, कंपनीने सांगितलेलं सस्पेन्शन तेल आणि ग्रीस, खालच्या बोल्टचे नवे वॉशर, आणि जनावरांच्या औषधाच्या दुकानात मिळते तसली २० मिलीची सिरिंज. बंडीचं वंगण किंवा ट्रॅक्टरचं ग्रीस इथे चालत नाही. ते घट्ट असतं, आणि काही सीलचं रबर त्याने फुगतं.

बॅटरी काढून ठेवा. गाडी जड आहे. स्टँड नसेल तर गोठ्याच्या बल्लीला दोर बांधून सीटच्या नळीजवळ टांगा. पुढचं चाक काढा आणि डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याची घडी सरकवा, म्हणजे चुकून लिव्हर दाबला तरी पॅड चिकटणार नाहीत. कॅलिपर फोर्कवरून सोडवून बाजूला बांधा, त्यावर तेलाचा थेंबही पडता कामा नये. दाब आणि क्लिक लिहून घ्या, मग हवा पूर्ण सोडा.

रिबाउंडची मूठ काढा. तळाचे दोन्ही बोल्ट तीन-चार फेरे सैल करा, काढू नका. खाली परात ठेवा आणि बोल्टच्या डोक्यावर हातोडीने सरळ ठोका, बोल्ट आत सरकेपर्यंत. मग बोल्ट काढून खालचे पाय दोन्ही हातांनी सरळ ओढा. जे तेल पडेल त्याचा रंग बघा. करडं-काळं म्हणजे धूळ आत जाते आहे. दुधट म्हणजे पाणी गेलं आहे, आणि सील बदलायची वेळ झाली.

सीलखाली फोमच्या रिंगा असतात. ओरखडा न पाडता त्या काढा, अल्कोहोलमध्ये पिळून धुवा, वाळवा आणि सस्पेन्शन तेलात बुडवून परत बसवा. काळ्या मातीच्या भागात या रिंगांतून निघणारा गाळ पाहिला की ५० तासांचा आग्रह का ते समजतं. काडीला फडकं गुंडाळून पायांच्या आतले बुश, म्हणजे नळी ज्यात सरकते त्या कड्या, पुसा. सीलच्या ओठांना आतून ग्रीसचा पातळ थर द्या. चकचकीत नळ्यांवर नख फिरवून बघा. नखाला अडेल असा ओरखडा असेल तर तो सील कापत राहील. बारीक टोचा असेल तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने हलकेच घासून पारदर्शक नेलपॉलिशचा थेंब भरतात. हा तात्पुरता उपाय आहे, पण हंगाम निघून जातो.

पाय परत चढवताना सीलचा ओठ दुमडत नाही ना ते बघत, अर्ध्यापर्यंतच चढवा. फोर्क तिरपा करून तळाच्या भोकांतून सिरिंजने तेल सोडा. किती, ते मॉडेलप्रमाणे बदलतं, आणि डाव्या-उजव्या पायाचं मापही वेगळं असू शकतं, म्हणून आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघूनच भरा. जास्त घातलं तर फोर्क शेवटपर्यंत दबत नाही. मग पाय पूर्ण चढवा, नवे वॉशर घालून बोल्ट मॅन्युअलमधल्या टॉर्कवर आवळा. रॉकशॉक्सच्या बऱ्याच फोर्कवर तो ७ न्यूटन मीटरच्या आसपास असतो. अंदाजाने आवळला तर मॅग्नेशियमच्या पायाला तडा जाऊ शकतो. शेवटी हवा आधीसारखीच टप्प्याटप्प्याने भरा, क्लिक पूर्वीच्या जागी आणा, कॅलिपर आणि चाक बसवून ब्रेक तपासा.

काय दुकानावर सोडायचं

पुढचा ब्रेक दाबून गाडी मागे-पुढे हलवा आणि एक बोट सील आणि नळीच्या सांध्यावर ठेवा. खटका तिथे जाणवला तर बुश झिजले आहेत. खटका हँडलखाली जाणवला तर हेडसेट सैल आहे, ते घरी आवळता येतं. बुश बदलायला खास हत्यारं लागतात. तसंच रिबाउंडची मूठ फिरवून काहीच फरक पडत नसेल, दाबताना आतून चळचळ आवाज येत असेल, किंवा आठवड्याला दाब उतरत असेल, तर डॅम्पर किंवा हवेचा कप्पा उघडावा लागेल. रॉकशॉक्स हे काम २०० तासांना करायला सांगते. त्यासाठी माहीतगार मेकॅनिककडेच जा.

सील नळीच्या जाडीवर मिळतात: ३२, ३४, ३५, ३६, ३८ मिलिमीटर. मॉडेल आणि सिरियल नंबरचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा आणि मे महिन्यातच मागवून घ्या, कारण पार्सल तालुक्याला पोचेपर्यंत पेरणी सुरू झालेली असते. मेकॅनिककडे फोर्क देताना किती तास चालला, शेवटची सफाई कधी झाली, सॅगसाठी किती दाब लागतो आणि क्लिक कुठे आहेत, एवढं कागदावर लिहून फोर्कलाच बांधून द्या.